पहिली चटचट

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं स्वतःच दिली. "कॉलेजात शिकवता? शिकवत असान. कॉफी पिता? सांगलीकडच्या हाय म्हनता, म्हंजे पीतच असान." सकाळचा पहिला चहा पोटात गेल्याशिवाय मला माझं नावसुद्धा आठवत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर ते किल्ली आणायला आत गेलेले. अशा रीतीने मी यवतमाळात भाडेकरू झाले आणि त्याच मिनिटाला कॉफीची परीक्षकही.

सगळी गल्ली त्यांना फोरमन साहेब म्हणायची, मी काका म्हणायचे. कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या एका जिनिंगमध्ये त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्म करतात, नाहीतर भावकीत भांडणं लावतात. काकांनी घरच्या अंगणात कॉफी भाजायची मशीन बांधायला घेतली. एक बांधून थांबले असते तर मी हे लिहायला बसले नसते. मी राहायला गेले तेव्हा चौथी चालू होती. जुनी मोडायची, तिच्यातलं अर्धं नवीत घालायचं, उरलेलं अर्धं जिन्याखाली ठेवायचं, हा क्रम. जिन्याखाली इतकं लोखंड साठलं होतं की मी वर जाताना पदर-ओढणी सांभाळत तिरकी चालायचे.

या सगळ्याला कारण त्यांचे व्याही. मुलगा बंगळुरूला नोकरीला, सून चिकमगळूरकडची, तिच्या वडिलांचा कॉफीचा लहानसा मळा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला व्याह्यांनी पोतंभर कच्ची कॉफी पाठवली, आपल्याकडे तुरीची डाळ पाठवतात तशी. हिरवट, टणक बिया. काकूंना वाटलं, तिकडचा काहीतरी वाटाणा असेल. त्यांनी वाटीभर भिजत घातला आणि सकाळी उसळीसाठी कुकरला लावला. सात शिट्ट्या झाल्या तरी वाटाणा शिजेना, तेव्हा बंगळुरूला फोन गेला.

मग व्याह्यांचाच फोन आला आणि त्यांनी काकूंना हिंदीत सगळं नीट समजावलं. आधी भाजायच्या. भाजताना चट-चट आवाज होईल. पहिली चटचट झाली की दोन मिनिटं थांबायचं आणि उतरवायचं. बस, एवढाच नियम. काकू म्हणाल्या, "मंग कढईत भाजतो ना मी. शेंगदाने नाई भाजत का?" त्यांचं माहेर बोरी अरबचं, त्यांच्या हातचे शेंगदाणे एकही काळा न पडता भाजले जात आणि त्यासाठी त्यांनी कधी घड्याळ पाहिलं नव्हतं. पण काका उखडले. "व्याह्याची वस्तू कढईत? अन् पोतं काय रिकामं परत धाडू त्याइले?" आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही आपली रीत. वाटीभर आमटी आली तर वाटीत साखर तरी घालून देतात. पोत्याच्या बदल्यात व्याह्यांना त्यांचीच कॉफी, आपल्या मशीनवर भाजून, डबा भरून पाठवायची असं काकांनी ठरवलं. व्याह्याने व्याह्यापुढे कमी पडायचं नाही, असंही त्यात असेल. नीट विचार केला तर काका मुलाचे बाप होते आणि झुकायचं कुणी असलंच तर व्याह्यांनी, पण व्याही मुळात वाकणाऱ्यांतले नव्हते आणि ताठणाऱ्यांतलेही नव्हते. त्यामुळे काकांना लढायला कुणी सापडेना, आणि ते एकटेच लढत राहिले.

पहिली मशीन मी पाहिली नाही. काकूंकडून ऐकली. कॉफीच्या बीला एक पातळ पापुद्रा असतो, तो भाजताना आपोआप उडून जातो. हे सगळ्या जगाला माहीत होतं, काकांना मान्य नव्हतं. "सरकीले रुई चिकटलेली ठेवून कोनी तेल काढते का?" असं विचारून त्यांनी आधी कॉफीचं जिनिंग करायची मशीन बांधली. चामड्याचे रोलर, पट्टी, खाली जाळी, सगळं जिनातल्यासारखं, फक्त पाटाएवढं. तीन महिने गेले. उद्घाटनाला नारळ फोडला. रोलर फिरले आणि दुसऱ्या बाजूने कॉफीचा चुरा, चामड्याचा भुगा आणि काकांचा एक स्क्रू असं मिश्रण बाहेर आलं. काकूंनी ते तुळशीला घातलं. तुळस मेली नाही, हे काकांच्या मते मशीनचं यश होतं.

दर रविवारी सकाळी नऊला घाणा टाकला जायचा. गॅसच्या शेगडीवर आडवा ड्रम, लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपातून गोल करून आणलेला. तो फिरवायला मोटर. भाजून झालं की दांडा ओढायचा, बिया खालच्या चाळणीत पडायच्या आणि चाळणीखालचा पंखा त्यांना गार करायचा. हा पंखा घरातल्या कूलरचा. तो त्यांनी एप्रिलच्या शेवटी काढला. यवतमाळातला एप्रिलचा शेवट ज्याने पाहिला नाही त्याला यातलं क्रौर्य कळणार नाही. काकू ओली चादर अंगावर घेऊन झोपायच्या आणि कॉफी मात्र दीड मिनिटात गार व्हायची.

घाणा टाकण्याआधी काका फाटकात येऊन हात वर करायचे. त्याबरोबर समोरचीने मिक्सर बंद करायचा, शेजारच्याने गाडी चालू करायची नाही, भाजीवाल्याने ओरडायचं नाही. कारण काकांना चटचट ऐकायची असायची. "आवाज म्हंजे मशीनचा पेपर असते. वाचता आला पाह्यजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं म्हणजे, "मशीन खोटं बोलत नाई, मानूस बोलते." मग ते लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक ड्रमच्या बेअरिंगला लावायचे, मूठ कानाला आणि डोळे मिटायचे. जिनात असताना ते असंच ऐकायचे म्हणे. चाळीस मशिनी एकदम धडधडत असताना कुठल्या मशीनचं कुठलं बेअरिंग आठवड्याने जाणार, हे सांगायचे. अकोल्याहून, वणीहून त्यांना बोलावणं यायचं. मी हे शंभर वेळा ऐकलं. काका बोलायला लागले की दुसऱ्याला शब्द टाकायला फट सापडायची नाही. मला वाटायचं, माणसाला स्वतःच्या आवाजाचं व्यसन आहे.

गल्ली गप्प असायची, काका डोळे मिटून असायचे, आणि कॉफी जळायची. दर रविवारी. मग एका स्टीलच्या पेल्यात ती माझ्यापुढे यायची. चुलीतलं लाकूड पाण्यात विझवावं आणि ते पाणी गाळून द्यावं, तशी. काका स्वतः प्यायचे नाहीत. ते आपले चहा घ्यायचे, "हलवाई सोताचे लाडू खाते का?" असं वर म्हणायचे. मी घोट घ्यायचे, डोळे मिटायचे (तेवढंच त्यांच्यासारखं) आणि नुसती मान हलवायचे: छान. फार छान. याबद्दल मला कुणी नावं ठेवू नयेत. ज्या गावात उन्हाळ्यात नळाची दिवस मोजत वाट पाहावी लागते, त्या गावात दारात विहीर असलेल्या घरी खोली मिळालेली बाई खरं बोलत नसते. बरं, मी एकटीच नव्हते. गल्लीत पुड्या जायच्या, गल्ली मान हलवायची. चिकमगळूरला डबा जायचा, तिकडून फोन यायचा, "बहुत बढ़िया." ज्या माणसाचा जन्म कॉफीत गेला तोही खोटं बोलत होता, मग माझी काय कथा?

तरीही काकांचं समाधान नव्हतं, हे विशेष. आम्ही सगळे छान म्हणत होतो आणि ते मशीन मोडत होते. आणि मोडण्याचं कारण नेहमी एकच. चटचट नीट येत नाही.

पाचव्या मशीनच्या वेळी त्यांना वाटलं, मोटरचा आवाज मध्ये येतो. म्हणून मोटर भिंतीला भोक पाडून मागच्या बोळात बसवली आणि लांब पट्ट्याने ड्रम फिरवला. हा पट्टा छातीएवढ्या उंचीवरून अख्खं अंगण ओलांडायचा. त्यामुळे रविवारी सकाळी जो कुणी घरात येई तो आपोआप काकांपुढे वाकूनच येई. सहाव्या वेळी ड्रमचा पत्रा पातळ केला. सातव्या वेळी त्यांनी कमाल केली. लग्नाच्या मांडवातल्या लाउडस्पीकरचा जुना कर्णा कुठून तरी आणला आणि ड्रमच्या तोंडाला जोडून आपल्या खुर्चीकडे वळवला. मोबाइलवर ते कॉफीचे व्हिडिओ तासन् तास बघायचे, पण आवाज बंद करून. मी विचारलं तर म्हणाले, "त्याइची बडबड कायले ऐका? हात पाह्याचे."

मी भौतिकशास्त्र शिकवते. ध्वनी हे प्रकरण दरवर्षी शिकवते. कर्ण्याने आवाज कसा गोळा होतो हे फळ्यावर आकृती काढून सांगते. एवढी विद्या पदरी असून मला काही कळलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

कर्णा बसवल्याच्या रविवारी वीज गेली. मोटर बंद. काका हटले नाहीत, त्यांनी हाताने ड्रम फिरवायला घेतला. गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मी जिन्यात बसले होते. आणि चटचट झाली. दिवाळीतली लवंगीची माळ लागावी तशी, कर्ण्यातून, थेट काकांच्या तोंडावर. समोरच्या घरातलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. मी ओरडले, "काका, फुटलं!" काका डोळे मिटून, पेचकस कानाला लावून, ड्रम फिरवत राहिले. मी पुन्हा ओरडले. धूर यायला लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, दांडा ओढून बिया खाली पाडल्या आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "अजूनई आवाज येत नाई, मॅडम. कर्ना लहान पडला."

मी स्वयंपाकघरात गेले. काकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "समजलं वाट्टे तुले."

"कधीपासून?"

"जिनात होते तवापासूनच कमी कमी होत गेलं. आता त काईच नाई. मी बोलतो ते तोंडाकडे पाहून समजते त्याइले. म्हनून मी सामोर येऊनच बोलतो. पाठीमागून हाक मारली का नाई मारली, सारखंच."

"काकू, डॉक्टर आहेत, मशीन मिळते कानाची. सांगत का नाही तुम्ही त्यांना?"

काकूंनी शेंग तशीच हातात ठेवली. "काय सांगू? त्या मानसाची सारी इज्जत कानाची होती. लोक गाडी घेऊन न्याले येत. त्याले मी सांगू, का तुमचे कान गेले? मशीनमदी दोष हाय म्हनते, म्हनू दे. लोखंडच हाय ते. मोडते अन् जोडते."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. लाज वाटली. तीन वर्षं ज्या बडबडीच्या कॉलेजात नकला करून मी मैत्रिणींना हसवलं, ती बडबड म्हणजे समोरच्याने काही विचारू नये म्हणून केलेली तटबंदी होती. आणि पहिली सोडली तर बाकी सहा मशिनी ज्या एका आवाजासाठी बांधल्या, तो प्रत्येक मशीनमधून येत होता. लाज वाटली, आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा मान हलवली.

मग जानेवारीत व्याही येणार असं ठरलं. व्याही, विहीणबाई, मुलगा, सून. काकांनी मुलाला फोनवर आपणच बोलून कळवून टाकलं, की रविवारी सकाळी सगळ्यांसमोर घाणा टाकणार आणि व्याह्यांना गरम गरम भाजलेल्या कॉफीचा पहिला पेला देणार. मशीनला शेंदरी रंग दिला. गल्लीला आदल्या दिवशी सूचना गेली.

काकू शनिवारी वर माझ्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "पोरी, उद्या व्याह्याच्या सामोर जळाली त हे पुन्हा मशीनले हात नाई लावनार. अन् मशीन नसन त दिवसभर करतीन काय? बसतीन भिताडाकडे पाहत." मग त्यांनी बेत सांगितला. मी काकांच्या बरोबर समोर उभं राहायचं. चटचट झाली की केसांना हात लावायचा. त्याआधीच काकू काकांना सांगून ठेवतील, की मॅडम केसाले हात लावतीन त घड्याळ पाहा, त्याइले वेळेचं बरं समजते. काकांचा मान राहील, कॉफीही राहील. मी आरशासमोर सराव केला.

रविवारी मंडळी पहाटेच कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन आली आणि पट्ट्याखालून एकेक करून वाकत अंगणात आली. व्याही बारीक, सावळे, अगदी हळू बोलणारे. त्यांनी मशीनला प्रदक्षिणा घातल्यासारखी फेरी मारली आणि मान डोलावली. सतरंजीवर सगळे बसले. काकूंनी पोहे फिरवले. काकांनी फाटकात जाऊन हात वर केला. गल्ली गप्प झाली. मोटर चालू झाली, पट्टा पळायला लागला. मी ठरल्याप्रमाणे समोर उभी.

काका पंधरा मिनिटं जिनाबद्दल बोलले. मग ऐकायची वेळ आली. त्यांनी पेचकस बेअरिंगला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

तीन वर्षं दर रविवारी मी त्यांना डोळे मिटताना बघत होते, काकू तर कितीतरी आधीपासून. आणि बेत ठरवताना दोघींपैकी एकीलाही ते आठवलं नाही.

चटचट सुरू झाली. कर्णा होताच. मी केसांना हात लावला. मग दोन्ही हात लावले. सुनेने तोंडावर हात ठेवला. मुलगा सतरंजीच्या काठाचे दोरे उपटायला लागला. व्याह्यांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली तसे ते अर्धवट उठले, काकांचे मिटलेले डोळे पाहिले आणि पुन्हा खाली बसले. चटचट थांबली, बारीक धूर निघाला, मग दुसरी चटचट सुरू झाली. सहा शहाणी माणसं अंगणात होती आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. सभ्यपणा तो हाच.

धूर नाकात गेला तसे काकांनी डोळे उघडले. त्यांना वाटलं होतं, सगळे आपल्याकडे बघत असतील. पण कुणी ड्रमकडे बघत होतं, कुणी जमिनीकडे, आणि मी केसांत दोन्ही हात घालून येड्यासारखी उभी. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्या तोंडांवर तो आवाज होता. त्यांच्याएवढं तोंड वाचता येणारं त्या अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि काकूंकडे वळून, सगळ्यांच्या देखत विचारलं, "फुटून राह्यलं का?"

"केव्हाचं," काकू म्हणाल्या.

"मले ऐकू येत नाई," काका म्हणाले.

त्यांनी गॅस बंद केला, दांडा ओढला. बिया चाळणीत पडल्या, कोळशासारख्या. कूलरचा पंखा इमानाने फिरत होता. मला वाटलं, आता ते आत निघून जातील. पण ठरलं होतं तसं त्यांनी त्या बिया दळल्या, काकूंनी कॉफी केली, आणि काकांनी स्वतःच्या हाताने पहिला पेला व्याह्यांना दिला. व्याह्यांनी घोट घेतला. मग नेहमीच्या हळू आवाजात दोन वाक्यं बोलले.

"काय म्हनते व्याही?" काकांनी काकूंना विचारलं. त्यांना कुणाला असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

काकू त्यांच्या समोर आल्या आणि जोरात म्हणाल्या, "जळाली म्हनते!"

काकांनी दुसरा पेला उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली कॉफी प्यायले. तोंड कडू झालं तरी घोट गिळला. "जळालीच हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तीन वर्षं मुंडी काहून हालवत होत्या मंग?"

खोटं बोलायला मला कधी तोंड उघडावं लागलं नव्हतं. आता मान हलवून भागणार नव्हतं. मी दोन पावलं पुढे गेले, त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले आणि सगळा जोर लावून ओरडले, "वाईट असायची, काका! पहिल्या दिवसापासून!"

समोरची बाई दारात आली. पलीकडच्या दोघी गच्चीवरून वाकून बघायला लागल्या. काका माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना समजलं. त्यांनी मान हलवली, मग स्वयंपाकघराच्या दारातलं स्टूल ओढून मशीनशेजारी ठेवलं आणि काकूंना म्हणाले, "काम राहू दे. बस अठी. दुसरा घाना टाकतो, फुटलं का सांगजो."

काकूंनी पदराला हात पुसले आणि बसल्या.